फोनची झोप

मी नोकरीत नेमकं काय करते, हे आमच्या गावात अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. आई पाहुण्यांना सांगते, "फोन तपासते ती." त्यामुळे सुट्टीत घरी आले की ओट्यावर कुणीतरी फुटलेल्या काचेचा फोन घेऊन बसलेलं असतंच. एकदा शेजारच्या अक्का चार्जरची तुटकी वायर घेऊन आल्या. मी म्हटलं, "अक्का, मी दुरुस्ती नाही करत." त्यांनी वायर परत पदरात गुंडाळली आणि आईकडे बघून म्हणाल्या, "मंग इतली शिकनी कसाले?"

त्यांचा प्रश्न मला अजूनही आवडतो. उत्तर तेव्हा दिलं नाही, कारण ते लांबलचक आहे.

मोबाईलमधलं एखादं ॲप किती बॅटरी खातं, का खातं, आणि गरज नसतानाही खात राहतं का, हे बघणं माझं काम. आमचं ऑफिस जळगावात, बियाण्यांच्या दुकानाच्या वर. एका लांब टेबलावर फोन ओळीने मांडलेले असतात. काही नवे, काही जुने, काही मुद्दाम शोधून आणलेले स्वस्तातले, कारण आमचं ॲप शेतकऱ्यांसाठी आहे आणि शेतकरी जो फोन वापरतो तोच तपासायचा. सगळे पूर्ण चार्ज करायचे, उजेड सारखा ठेवायचा, बाकीची ॲप बंद करायची, आणि मग आपलं एक ॲप चालू करून हात काढून घ्यायचा. त्यानंतर फक्त बघत बसायचं. संगणकावर प्रत्येक फोनची एक रेघ उमटत जाते. फोन झोपला की रेघ सपाट होते. कुठल्या ॲपने उठवला की ती टोकदार वर जाते आणि पुन्हा खाली येते.

फोन झोपतो, हे कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पण तसंच आहे. स्क्रीन काळी झाली की फोन आतून एकेक दिवा मालवत जातो, आणि कुणी हाक मारली तरच उठतो. एखाद्या ॲपला काम असेल तर ते फोनला म्हणू शकतं, थांब, एवढ्यात झोपू नकोस. काम झालं की त्याने फोनला सोडायचं असतं. वाईट ॲप सोडायला विसरतं. मग फोन खिशात काळाठिक्कर दिसतो आणि आतून टक्क जागा असतो. अशी जागी माणसं मी पाहिली होती, पण वस्तूंचंही तसं होतं हे मला त्या कामाने शिकवलं. कूलरची घरघर चालू असताना त्या सपाट रेघांकडे बघत बसलं की मला नेहमी वाटायचं, आपण एका खोलीत झोपलेल्या पुष्कळ लोकांची राखण करतोय. आवाज करायचा नाही. कुणी कूस बदलली तर टिपून ठेवायचं.

जळगावच्या उन्हाळ्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली होती. दुपारी खोली इतकी तापते की काही न करताही फोन गरम होतात आणि आकडे बिघडतात. म्हणून मोजणी सकाळी करायची, ऊन चढलं की थांबवायची. दुपार अहवाल लिहायला. दुपारचे आकडे आम्ही धरतच नसू. रीत योग्य होती. मोजणीचं शास्त्र तेच सांगतं.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरची केळी आणि थोडा कापूस. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. धुळ्याच्या कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, मला एसटीने सोडायला आले होते. वसतिगृहाच्या फाटकापुढे पुरुषांना जाऊ देत नव्हते. ते बाहेरच निंबाखाली उभे राहिले आणि माझी गादी मी एकटीच वर नेली. खिडकीतून पाहिलं तर ते तिथेच. मी हात हलवला. त्यांना नक्की कुठली खिडकी ते कळलं नसावं, कारण त्यांनी सगळ्याच इमारतीकडे बघून हात हलवला. शिकताना कधी कंटाळा आला की मला तो हात आठवायचा. मी आज जे काही आहे, त्यात त्या उभं राहण्याचा वाटा फार मोठा आहे.

त्या आबांच्या मणक्याला मागच्या हिवाळ्यात त्रास सुरू झाला. डाव्या पायात मुंग्या यायच्या, मग पाय लाकडासारखा व्हायचा. एकदा केळीच्या बागेत ते उभ्याउभ्या पडले आणि सालदाराने, म्हणजे आमच्याकडे वर्षभर कामाला असलेल्या गड्याने, त्यांना बैलगाडीत घालून घरी आणलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, उन्हाळा संपेपर्यंत बांधावर पाय ठेवायचा नाही. पुन्हा असे पडलात तर पाय कायमचा जाईल. आबांनी मान डोलावली. त्यांची मान डोलावणं आणि ऐकणं या दोन गोष्टींची आमच्या घरात कधी गाठ पडलेली नाही.

त्यांना घरी बसवायचा एकच उपाय होता, आणि तो योगायोगाने आमच्या ऑफिसात तयार होत होता. शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरला एक डबी जोडायची. लाईट आली, मोटर चालू झाली, बंद पडली, की डबी फोनला कळवते. ॲप उघडलं की पाणी चालू की बंद ते दिसतं. मी स्वतः आबांच्या फोनमध्ये ते घालून दिलं. अंगणातल्या निंबाखाली त्यांची खाट टाकली. बंडीच्या छातीवरच्या खिशात फोन ठेवून ते आडवे झाले आणि मी समाधानाने जळगावला परतले.

आठवडा झाला नसेल, आईचा फोन आला.

"आबा शेतात गेले."

"का? ॲप आहे ना?"

"ॲप शे, पन फोन मरी गया. लाईट ऊनी की दोन घटकामां फोन मरस. मंग ते काठी लिसन चालले."

असं रोज होऊ लागलं. शेतीची लाईट त्या दिवसांत दुपारी यायची. ती आली की आबांचा फोन वितळल्यासारखा रिकामा व्हायचा. फोन बंद झाला की आबा उठायचे. सालदारावर त्यांचा विश्वास होता, पाण्यावर नव्हता. वैशाखात केळीला एक दिवस पाणी चुकलं तर घड मान टाकतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी आईला म्हटलं, फोन चार्जिंगला लावून ठेवायला सांग. तिने सांगितलं. उत्तर आलं, "भीतले टांगेल फोन मना काय कामना?" मला तो निव्वळ हट्ट वाटला.

ऑफिसात मी आमच्या मॅडमना सांगितलं. आमच्या छोट्या टीमच्या त्या प्रमुख. मूळ चाळीसगावच्या, बोलायला तुटक, मनाने सरळ. त्यांनी रेघा पुन्हा काढायला लावल्या. सगळ्या सपाट. आमचं ॲप सकाळभर गाढ झोपत होतं.

"फोन जुना असेल त्यांचा," मॅडम म्हणाल्या.

"तसलाच फोन टेबलावर आहे मॅडम."

"मग ऊन. दुपारी तापतो आणि संपतो."

"ऊन तर लाईट नसते तेव्हाही असतं."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "इथे दिसत नाही तोवर मी दुरुस्त काय करू? तू घरी जा. तिकडे मोज. आणि हो, दुपारी मोज."

मी टेबलावरचे काही फोन कापडात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई विचारू लागली, "दुकान शे का तुमनं?" मी हो म्हणाले. खरं सांगण्याइतका प्रवास उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आबांच्या खाटेशेजारी दुसरी खाट टाकली आणि तिच्यावर फोन मांडले. त्यातल्या काहींना आमच्या मोटरीच्या डबीशी जोडलं. निंबाची सावली त्यांच्यावर हलत होती. आई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालता घालता म्हणाली, "यासले बी उलटवनं पडी का?" आबा डोळे मिटून हसले.

मग बराच वेळ काही झालं नाही. वारा पडला होता. डोंगराची कड उन्हात विरघळल्यासारखी दिसत होती. कोंबड्यासुद्धा गप्प. सगळ्या रेघा सपाट होत्या, आबांची छाती संथ वरखाली होत होती, आणि मीही त्या सगळ्यांत मिसळून कुठेतरी जागेच्या आणि झोपेच्या मधल्या पाण्यात तरंगत होते.

लाईट आली ती मला आधी ऐकू आली. शिवारातून एकदम एक हुंकार उठला. सगळ्यांच्या मोटरी एका क्षणी सुरू झाल्या होत्या. हल्ली प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो स्विच बसवलाय, लाईट आली की मोटर आपोआप चालू. पण एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, किती मोटरी ओढणार? हुंकार जड झाला, खाली बसला आणि तुटला. थोडी शांतता. मग पुन्हा एकेक मोटर उठली, पुन्हा सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या, पुन्हा तुटल्या. मी लहान असताना असं नव्हतं. तेव्हा शेजारच्याची मोटर लागल्याचा आवाज आला, तो स्थिर झाला, की मग पुढचा आपली लावायचा. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण पाळलं जायचं. आता कुणाला शेतात उभं राहायचं नसतं, म्हणून कुणी कुणाचं ऐकत नाही.

मी रेघांकडे पाहिलं. खाटेवरच्या जोडलेल्या फोनच्या सगळ्या रेघा उभ्या झाल्या होत्या.

आमच्या ऑफिसात खरी मोटर नव्हती. तिच्या जागी एक छोटं यंत्र होतं, ते शहाण्या मुलीसारखं सांगायचं, चालू झाले. पुष्कळ वेळाने सांगायचं, बंद झाले. इथली मोटर मात्र चालू, बंद, चालू, दाब कमी, दाब ठीक, बंद, चालू असं अखंड बडबडत होती, आणि ती शेवटी टिकून राहिली तरी व्होल्टेजचं वरखाली होणं संपत नव्हतं. प्रत्येक निरोपाला आमचं ॲप फोनला उठवत होतं आणि थोडा वेळ जागं ठेवत होतं. तो थोडा वेळ संपायच्या आत पुढचा निरोप. पाळण्यातलं मूल डोळे मिटतंय तोवर कुणीतरी पुन्हा कडी वाजवावी, तसं. फोनला सोडायचं ॲप विसरत नव्हतं. त्याला सोडायची सवडच मिळत नव्हती.

मला इतका आनंद झाला की मी आबांना हलवून उठवलं. "आबा, सापडलं!"

"काय सापडनं?"

"तुमचा फोन का मरतो ते."

"मंग आते मरावं नही?"

"नाही मरणार."

त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं व्हयनं माय." दोन घटकांनी त्यांचा फोन नेहमीसारखा संपला आणि ते काठीकडे हात करू लागले. आईने काठी आधीच चुलीमागे नेऊन ठेवली होती.

जळगावला आल्यावर मॅडमनी माझ्या उभ्या रेघा एकेक करून बघितल्या. मग म्हणाल्या, "आपण मोटरीला फार सज्जन समजलो." त्यांनी ॲप बदललं आणि डबीतला प्रोग्रामही. आता डबीनेच थांबायचं. मोटर खरोखर टिकली की मगच एक निरोप, आणि बंद पडून तशीच राहिली तर एक. मधली सगळी कुरकुर डबीने स्वतःपाशी ठेवायची.

नवं ॲप आबांच्या फोनमध्ये गेलं. त्यांच्या परवानगीने त्यांची रेघ मला ऑफिसात दिसत होती. दुपार झाली, गावाला लाईट आली असणार, आणि रेघ एकदाच किंचित उचलली जाऊन पुन्हा सपाट झाली. मॅडमनी बाकीच्यांना बोलावून दाखवली. "बघा, झोप अशी असते." मी त्या रेघेकडे बघत होते आणि मला निंबाची सावली दिसत होती, खाट दिसत होती, तिच्यावर निवांत पडलेले आबा दिसत होते.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिचा आवाज फुटत होता. आबा बांधावर पडले होते. सालदाराने पाठीवर घेऊन आणलं होतं. पाय हलत नव्हता.

"फोन मरी गया व्हता का?" मी विचारलं. घाबरले की मी गावाकडचंच बोलते.

"नही ना! फोन चालू शे. तेच माले समजत नही."

चोपड्याच्या दवाखान्यात मी संध्याकाळी पोचले. पायात हळूहळू जीव परत येत होता. डॉक्टर म्हणाले, यावेळी निभावलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते. मीच विचारलं, "फोन चालू होता, मोटर चालू होती, ॲपमध्ये दिसत होतं. मग का गेलात?"

"ॲपमां कोन दखस?" ते म्हणाले. "माले चष्मा लावना पडस. अक्षर बारीक."

"मग तुम्हाला पाणी चालू आहे हे कळायचं कसं?"

त्यांनी छातीवर हात ठेवला, त्या खिशाच्या जागी. "फोन गरम शे म्हंजे पानी चालू शे. आज लाईट ऊनी, मोटरीसना आवाज ऊना, पन फोन थंडाच. माले वाटनं आपली मोटर लागनी नही."

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "इतला दिन सांगं काबर नही?"

"कोनी इचारं का?" आबा म्हणाले.

मी खाटेच्या कडेला बसून राहिले. त्यांच्या छातीवरची ती ऊब मी बिघाड म्हणून शोधली आणि काढून टाकली होती. त्यांच्यासाठी ॲप म्हणजे तेवढंच होतं. डोळे मिटून पडायचं, आणि छातीवर कोमट काहीतरी असेपर्यंत दूरवर केळीच्या मुळांशी थेंब पडताहेत असं समजायचं. भिंतीला टांगलेला फोन त्यांच्या कामाचा नव्हता, तो याच कारणाने. मला एक क्षण असंही वाटलं, राहू द्यावा तो बिघाड. पण गरम फोन दुपारीच मरत होता, आणि मेला की थंड होत होता. म्हणजे ते उठणारच होते.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत.

"मग काय हवंय तुला?"

"मोटर टिकली की फोनने एकदा थरथरावं. लांब, सावकाश. बंद पडून राहिली तर छोटे छोटे झटके. खिशात असला तरी छातीला कळेल."

"आपण बॅटरी वाचवणारी माणसं. थरथरायला बॅटरी लागते."

"मोजते ना मी."

मी मोजलं. सकाळी मोजलं, आणि दुपारीही मोजलं, कारण आता दुपार सोडून द्यायची माझी तयारी नव्हती. रेघेवर त्या थरथरण्याचा एक बारीकसा उंचवटा येत होता, झोपेत माणूस एखादा श्वास मोठा घेतो तेवढा. मॅडमनी तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं परवडतं."

ॲप तयार झालं तेव्हा मी सुट्टी काढून घरी गेले. हे मला रेघेवर बघायचं नव्हतं. आबा निंबाखाली खाटेवर, कमरेला पट्टा. मी आदल्या दिवशी त्यांच्या छातीवर फोन ठेवून दोन्ही खुणा दाखवल्या होत्या. लांब म्हणजे पाणी चालू, झटके म्हणजे बंद. ते म्हणाले होते, "दखू."

दुपार चढली. शिवारात मोटरी एकदम उठल्या, भांडल्या, पडल्या, पुन्हा उठल्या. आबांचे डोळे उघडले. त्यांनी खिसा चाचपला. थंड. आई दारात येऊन उभी राहिली. आबांनी एक कोपर टेकलं आणि उठायच्या तयारीने मान वळवली. मोटरींचा गोंधळ अजून चालू होता. मला वाटलं, आता उठले.

आणि फोन थरथरला. लांब, सावकाश. खाटेच्या दोऱ्यांपर्यंत ते पोचलं, कारण माझ्या हाताला जाणवलं.

आबा कोपरावरच थांबले. शेताच्या दिशेने थोडा वेळ बघत राहिले. मग कोपर काढून घेतलं आणि पाठ खाटेला टेकवली.

"ऊनं पानी," ते म्हणाले.

आई दारातून म्हणाली, "जाई येतस का मंग, दखाले?"

"तू जाय," आबा म्हणाले आणि कूस बदलली. थोड्या वेळाने त्यांचा श्वास लांब झाला.